हिंगुलांबिकेचा किनारा आणि वेसाव्याची लाट

आमच्या घरची कुलदेवता हिंगुलांबिका. सोलापुरातल्या भावसार क्षत्रिय घरांतून तीच पुजली जाते. कापड रंगवणं, छापणं, शिवणं हे या लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे धंदे. गिरण्यांच्या आणि मागांच्या या गावात त्यांची वस्ती जुनी आहे. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, की तुळजापूरला आपण जातो, पंढरपूरला जातो, मग आपल्या देवीच्या मूळ ठाण्याला का जात नाही? आजी म्हणाली, "ते लांब आहे रे. कराचीच्या पुढं. आता तिकडं जाता येत नाही." त्या किनाऱ्याबद्दल पुढची बरीच वर्षं मला एवढीच माहिती होती.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूर तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. खाट हलली, भांडी वाजली, आणि आम्ही सगळे अंगणात. उजाडेपर्यंत कोणी घरात जायला तयार नव्हतं. दिवस वर आला तशा बातम्या येऊ लागल्या, पाठोपाठ जखमींच्या गाड्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं सुरक्षित, असं मी स्वतः वर्गात शिकवत आलो होतो. त्या वर्षानंतर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

इतिहासाच्या शिक्षकाला अशा वेळी एकच मार्ग माहीत असतो. तो जुन्या नोंदी वाचायला लागतो. पश्चिम भारताला जाणवलेल्या भूकंपांच्या नोंदी वाचताना मी २८ नोव्हेंबर १९४५ या तारखेपाशी थांबलो. भूकंपाचं ठिकाण मकरानचा किनारा. वर्णनात दोन नावं होती. एक हिंगलाज, म्हणजे आमच्या देवीचं ठाणं. दुसरं वर्सोवा, म्हणजे मुंबईतलं वेसावे. एकाच भूकंपाच्या हकिगतीत ही दोन नावं कशी आली, हे या लेखात सांगायचं आहे. त्याहीपेक्षा, मुंबईत माणसं बुडवणारी ही घटना आपल्या स्मरणातून इतकी पूर्ण कशी पुसली गेली, हे मला सांगायचं आहे.

पहाटे ३ वाजून २६ मिनिटं

१९४५ साली दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. कार्तिकी पौर्णिमा १९ तारखेला होऊन गेली. २८ तारखेचा बुधवार उजाडायच्या आधी, भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनी, कराचीच्या पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे, पस्नी या बंदरगावाच्या जवळ समुद्राखाली जमीन फाटली. आजच्या मोजणीनं या भूकंपाची तीव्रता ८.१ धरतात. किल्लारीची ६.२ ते ६.४ होती. ही मोजपट्टी आपल्या रोजच्या पट्टीसारखी नसते. एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे मकरानचा भूकंप किल्लारीच्या कित्येक शेकडा पटींनी मोठा होता.

या किनाऱ्याखाली अरबी समुद्राचा तळ उत्तरेकडे सरकत आशिया खंडाखाली दडपला जातो. सरकण्याचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर, आपली नखं वाढतात साधारण तेवढा. हे सरकणं मात्र सुरळीत होत नाही. वरचा आणि खालचा थर एकमेकांत अडकून बसतात, ताण साठत जातो, आणि एके दिवशी अडकलेला भाग सुटतो. तो सुटताना समुद्रतळ कुठे वर उचलला जातो, कुठे खाली बसतो. त्यावरचं सगळं पाणीही तसंच उचललं जातं किंवा खाली बसतं. वाऱ्यानं उठणारी लाट पाण्याच्या वरच्या थरापुरती असते. ही लाट तळापासून पृष्ठभागापर्यंतच्या सगळ्या पाण्याची असते, म्हणून ती शेकडो किलोमीटर जाऊनही सहज विरत नाही. त्सुनामी म्हणतात ती हीच.

पस्नी आणि ओरमारा ही मासेमारीची गावं उद्‌ध्वस्त झाली. पस्नीला मोठी लाट हादऱ्यानंतर लगेच आली नाही. दीड-दोन तासांनी आली. समुद्राखालचा एखादा मोठा उतार भूकंपानं सैल होऊन नंतर घसरला असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. समुद्रतळावरून टाकलेल्या तारायंत्राच्या तारा तुटल्या. या आपत्तीत ४,००० माणसं मेली असं पुस्तकांतून सर्रास छापलेलं असतं. पण त्या काळच्या अहवालांचा आधार शोधला, तर तो काही शेकड्यांनाच मिळतो असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. विरळ वस्तीचा तो किनारा पाहता मलाही मोठा आकडा तपासल्याशिवाय घ्यावासा वाटत नाही.

आता हिंगलाज. हे स्थान हिंगोल नदीच्या खोऱ्यात, मकरानच्या डोंगरांत आहे. सतीचं ब्रह्मरंध्र इथे पडलं अशी श्रद्धा आहे. कराचीहून उंटांच्या काफिल्यांबरोबर वाळवंट तुडवत यात्रेकरू जात. देवीच्या गुहेत जाण्याआधी ते चंद्रगूप नावाच्या टेकडीवर चढतात आणि तिच्या मुखात नारळ अर्पण करतात. चंद्रगूप म्हणजे चिखलाचा ज्वालामुखी. आतून लाव्हा येत नाही, थंड चिखल खदखदत वर येतो. समुद्राचा तळ जिथे खंडाखाली दडपला जातो, तिथे काही किलोमीटर जाडीचा गाळ दाबला जातो. त्यातला वायू आणि पाणी चिखल घेऊन वाट मिळेल तिथून वर येतात. यात्रेकरूंनी ज्याला देवाचं मुख मानलं, ते भूगर्भाच्या भाषेत त्याच दाबाचं लक्षण आहे.

२८ नोव्हेंबरच्या हादऱ्यानं समुद्राखालच्या अशा चिखलाला वाट मिळाली. हिंगलाजच्या बाजूच्या समुद्रात नवी बेटं वर आली. बाहेर पडलेल्या वायूनं पेट घेतला आणि आगीचे लोळ आकाशात उठले, अशी वर्णनं आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे व्ही. पी. सोंधी यांनी १९४७ साली या भूकंपावर लेख लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच बेटांचा जन्म हे शब्द घातले. ती बेटं मऊ चिखलाची. लाटांनी काही वर्षांत धुऊन नेली. २०१३ च्या सप्टेंबरात बलुचिस्तानात मोठा भूकंप झाला तेव्हा ग्वादरच्या समोर असंच एक बेट वर आलं आणि तेही पुढे विरून गेलं.

लाट मुंबईत आली तेव्हा

कराचीच्या लोकांना पाण्याचं वेगळेपण पहाटे साडेपाचच्या सुमाराला जाणवलं. मग सात वाजता, सव्वासातला आणि सव्वाआठला पाणी पुन्हा चढलं. यातली शेवटची, सव्वाआठची लाट सगळ्यांत मोठी होती. तिची उंची दीड मीटरच्या आसपास सांगितली आहे.

त्याच सुमाराला, सकाळी सव्वाआठ वाजता, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चढलं. उंची सुमारे दोन मीटर. वेसावे, जुहू, खार दांडा, हाजी अली ही ठिकाणं नोंदींत येतात. नांगरलेल्या होड्या सुटून गेल्या. मुंबईत मेलेल्या माणसांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत १२ ते १५ असा मिळतो. हवामान खात्याचे सी. जी. पेंडसे यांनी खात्याच्या शास्त्रीय टिपणांच्या मालेत या भूकंपावर टिपण लिहिलं. पुढच्या बहुतेक लेखकांचं बोट धरून तुम्ही मागे गेलात, तर या पेंडशांच्या टिपणापाशी येऊन पोचता.

दोन मीटर ऐकून कोणी म्हणेल, मुंबईची मोठी भरती याच्या दुप्पट असते, मग माणसं मेली कशी? याचं उत्तर पंचांगात आहे. कार्तिकी पौर्णिमा १९ तारखेची, म्हणजे २८ तारखेला कार्तिक वद्य अष्टमी-नवमीचा सुमार. कोळी माणसाच्या हिशेबात हे भांगाचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. समुद्राचं वेळापत्रक तिथीवर बांधलेल्या माणसाला त्या सकाळी सावध राहायचं काही कारणच नव्हतं. ज्याला समुद्र कळत नव्हता तो तर बेसावध होताच, पण ज्याला उत्तम कळत होता तोही बेसावध होता. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते, हे मुंबईकराला ठाऊक असतं आणि तो वेळ बघूनच जातो. त्या दिवशी बघितलेली वेळ उपयोगाची नव्हती.

वेळेचा आणखी एक घोळ इथे सांगून टाकतो, कारण जुन्या बातम्या वाचणाऱ्याला तो नडतो. महायुद्धामुळे १९४२ पासून भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती. ती १५ ऑक्टोबर १९४५ ला, म्हणजे भूकंपाच्या सहा आठवडे आधी, पुन्हा मागे आली. शिवाय मुंबई शहरात प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई टाइम' अजून चालू होती. तेव्हा वेगवेगळ्या नोंदींतल्या वेळा जुळत नाहीत, म्हणून लगेच साक्षीदाराला खोटं ठरवू नये. आधी तो कोणतं घड्याळ बघत होता ते विचारावं.

साक्षीदारांत एक यंत्रही होतं. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक चालू आहे. पाणी चढेल-उतरेल तशी त्याची रेघ कागदावर उमटते. १९४५ ची ती रेघ जपली गेली. २०११ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी कराची आणि मुंबई इथल्या नोंदी घेऊन संगणकावर तो दिवस पुन्हा उभा केला. कराचीला शेवटची लाट मोठी का, याचा उलगडा त्यातून होतो. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात शिरलेली लाट तिथेच अडकते, किनाऱ्याला धरून पुढेमागे फिरत राहते. म्हणून पहिली लाट येऊन गेली, आता पाहायला जाऊ, असं म्हणणारा माणूस धोक्यात असतो. कराची आणि मुंबई यांच्या अंतरात एवढा फरक असूनही दोन्हीकडे सव्वाआठ का वाजले, तेही यात आलं. कराचीत ती नंतरच्या लाटेची वेळ होती, मुंबईत पहिल्या लाटेची.

पावणेपाच तासांचा हिशेब

पहाटे ३.२६ ते सकाळी ८.१५, म्हणजे पावणेपाच तास आणि वर काही मिनिटं. हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेअकराशे किलोमीटर. लाटेला एवढा वेळ का लागला?

अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. तीन हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सहाशे किलोमीटरच्या वर धावते, विमानाच्या जवळपास. सत्तर मीटर खोल पाण्यात तीच ताशी शंभराच्या आत येते. मकरानपासून निघालेली लाट खोल समुद्र दीड तासात ओलांडते. पण मुंबईच्या समोर उथळ समुद्राचा पट्टा फार रुंद आहे, अडीचशे-तीनशे किलोमीटर. तेवढं अंतर कापायला तिला तीन तास लागतात. कोकणच्या समुद्राची ही उथळ ओसरी मुंबईला मिळालेलं वरदान आहे. ती लाटेचा जोर खाते आणि माणसाला वेळ देते.

हा वेळ १९४५ साली फुकट गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत १८९८ पासून भूकंपमापक बसवलेला होता. एवढ्या मोठ्या भूकंपाची खूण जगभरच्या यंत्रांवर उमटते. कराचीत साडेपाचला पाणी चढलं आणि मुंबईत सव्वाआठला. मधे पावणेतीन तास होते. कराची-मुंबई तार ही तेव्हा रोजच्या व्यापाराची गोष्ट होती. कापसाचे भाव या दोन बंदरांत दिवसभर इकडून तिकडे जात होते.

मग 'पाणी चढतं आहे, किनारा सोडा' अशी तार का गेली नाही? याचा दोष मी कोणत्याही एका माणसाला देत नाही. भूकंप पाहणारं खातं वेगळं, बंदर सांभाळणारं वेगळं, किनाऱ्यावरची पोलीसचौकी वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातला भूकंप आणि पाण्याची लाट यांची सांगड घालायला कोणी शिकवलेलं नव्हतं. यंत्रं होती, तारा होत्या, माणसंही होती. अशी बातमी आली की ती पुढे कोणाला कळवायची, याचा नियम तेवढा नव्हता.

हे त्या काळाला अशक्य होतं असंही नाही. चारच महिन्यांनी, १ एप्रिल १९४६ रोजी, उत्तर पॅसिफिकमध्ये अल्यूशियन बेटांजवळ भूकंप झाला आणि त्याच्या लाटेनं हवाई बेटांत दीडशेहून अधिक माणसं मेली. तिथेही लाट यायला तासचे तास लागले होते, तिथेही आधी कोणी सांगितलं नाही. पण १९४९ साली होनोलुलूजवळ पॅसिफिकसाठी इशारा केंद्र सुरू झालं. आपल्याकडे असं केंद्र उभं राहायला २००७ उजाडावं लागलं.

विसर कसा पडला

चौदा-पंधरा माणसं मेली, म्हणून विसरलो, असं म्हणता येईल. मला ते पुरेसं वाटत नाही. आमच्या सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे भर चौकात उभे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. माणसं चारच होती आणि शहर त्यांना विसरलेलं नाही. स्मरण आकड्यावर ठरत नाही. कोणीतरी ते आपलं मानून पुढे न्यावं लागतं. मकरानच्या लाटेला असं कोणी मिळालं नाही, आणि त्याची कारणं इतिहासात आहेत.

पहिलं कारण त्या महिन्यांतलं. लाल किल्ल्यातला आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला ५ नोव्हेंबरला सुरू झाला होता. मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुका चालू होत्या. युद्ध नुकतंच संपलं होतं, अन्नधान्याची टंचाई होती. फेब्रुवारीत त्याच मुंबई बंदरात नौसैनिकांचं बंड झालं. मुंबईच्या त्या हिवाळ्याच्या आठवणीत एका सकाळच्या पाण्याला जागा उरली नाही.

दुसरं कारण नकाशाचं. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. म्हणजे भूकंपाच्या दहा वर्षं आधीपर्यंत कराची आणि सोलापूर यांचा गव्हर्नर एकच होता. मकरान तर तेव्हाही वेगळंच. पस्नी कलातच्या छायेखालच्या संस्थानी मुलखात, हिंगलाज लासबेला संस्थानात, आणि जवळचं ग्वादर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाकडे. १९४७ साली फाळणी झाली. भूकंपाचं ठिकाण परक्या देशात गेलं, लाट आलेला किनारा या देशात राहिला. कराचीच्या इतिहासकाराला वेसावे दूरचं झालं, मुंबईच्या इतिहासकाराला पस्नी. घटनेचे दोन तुकडे झाले आणि कोणताही एक तुकडा पाहून पूर्ण घटना ओळखू येईना.

तिसरं कारण आमच्या घरातलं. हिंगलाजची यात्रा तुटली. जोवर यात्रेकरू येत-जात होते, तोवर त्या किनाऱ्याची खबर इकडच्या घरांत येत होती. १९४५ नंतर चंद्रगूपला जाऊन आलेला कोणी भावसार परतला असता, तर समुद्रात उठलेल्या बेटांची आणि पेटलेल्या पाण्याची कथा सोलापूरच्या ओसरीवर नक्की सांगितली गेली असती. ती वाट बंद झाली. आजीला फक्त दिशा आठवत राहिली.

याआधीचं पाणी

१९४५ ची लाट एकटी नव्हती, असं मानायला जागा आहे. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता. त्याचं आरमार दाभोळच्या समोर असताना एके रात्री वारा नसताना समुद्र खवळला, जहाजं थरथरली. जहाजं खडकांवर चढली असं वाटून खलाशी भ्याले. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकारानं हे लिहून ठेवलं आहे, आणि हा भूकंप आहे हे गामानं ओळखलं असंही तो सांगतो. या भूकंपाचं नेमकं ठिकाण आज सांगता येत नाही, पण अरबी समुद्राचा तळ हलतो याची ही कोकणासमोरची लेखी नोंद आहे.

दापोली तालुक्यातल्या केळशीला खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या थरांत काही अभ्यासकांना मध्ययुगातल्या त्सुनामीची खूण दिसते. वारा, वादळ आणि खाडीचं पाणी यांनीही अशी वाळू साचू शकते, असं इतरांचं म्हणणं. वाद चालू आहे आणि चालू राहावा.

उलट उदाहरणही द्यायला हवं. मे १६१८ मध्ये मुंबई-वसईच्या परिसरात २,००० माणसं मेली अशी नोंद भूकंपांच्या जुन्या यादीत आहे. मूळ वर्णन नीट वाचलं, तर ते चक्रीवादळाचं दिसतं. विसरणं जसं वाईट, तसं भलतं आठवणंही वाईट. प्रत्येक मोठ्या पाण्याला त्सुनामी म्हणू लागलो, तर खऱ्या त्सुनामीची नोंद ओळखता येणार नाही.

२००४ नंतर

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची लाट तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचायला दोन तासांच्या वर वेळ लागला. म्हणजे तिथेही १९४५ चीच गोष्ट घडली. वेळ होता, निरोप नव्हता. भारतात दहा हजारांवर माणसं मेली. त्या दिवसांत आपल्याकडे अनेकांनी लिहिलं आणि बोललं, की भारताला त्सुनामी ठाऊकच नव्हती. वेसाव्यात, दांड्यात, जुहूत एकोणसाठ वर्षांपूर्वी माणसं वाहून गेली होती, आणि त्यावर सरकारी खात्याचं छापील टिपण कपाटात होतं.

२००७ साली हैदराबादला राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. भारताला धोका असलेल्या दोन जागा ते प्रामुख्यानं सांभाळतं. पूर्वेला सुमात्रा-अंदमान आणि पश्चिमेला मकरान. भूकंपमापक, समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक यांच्या नोंदी तिथे येतात. भूकंप झाल्यावर काही मिनिटांत पहिली सूचना निघते. हिंदी महासागरातल्या देशांचा एकत्र सराव होतो, आणि सप्टेंबर २०१६ च्या सरावात एक दिवस मकरानचाच भूकंप गृहीत धरला होता. १९४५ साली जो नियम नव्हता, तो आता आहे.

पण हैदराबादहून निघालेला निरोप शेवटी वेसाव्याच्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानापर्यंत गेला पाहिजे. सुमात्राच्या काठावरच्या माणसाला जमीनच सांगते, हादरा बसला की पळ. मुंबईला मकरानचा भूकंप इतका लांब आहे, की झोपलेला माणूस त्यानं जागाही होणार नाही. इथे शरीराला काही कळत नाही. निरोप हीच एक खूण. आणि निरोपावर विश्वास ठेवायला तशी गोष्ट पूर्वी घडून गेल्याचं माहीत असावं लागतं. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या सागरी आयोगानं त्सुनामीसाठी सज्ज गावं म्हणून मान्यता दिली. पळायची वाट कोणती, उंच जागा कोणती, हे तिथल्या लोकांनी ठरवून ठेवलं आहे. आपल्या कोळीवाड्यांतून, खाडीकाठच्या गावांतून हे सहज होण्यासारखं आहे.

जपानात १८५४ च्या त्सुनामीची एक गोष्ट मुलांना शिकवतात. हामागुची गोर्यो नावाच्या गावकऱ्यानं अंधारात लोकांना उंचावर येण्याची वाट दिसावी म्हणून भाताच्या पेंढ्या पेटवल्या. त्या आठवणीवरून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ५ नोव्हेंबर हा त्सुनामी जागृतीचा जागतिक दिवस ठरवला. तो बहुतेक वर्षी आपल्या दिवाळीच्या आगेमागेच येतो. युनेस्कोच्याच पुढाकारानं १९४५ च्या लाटेतून वाचलेल्या वृद्धांच्या आठवणी अरबी समुद्राच्या काठावर गोळा झाल्या आणि २०१५ साली पुस्तिकेच्या रूपानं निघाल्या. त्या सकाळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीत आहे. वेसावे, दांडा, जुहू इथल्या घरांतून हे काम मराठीत करायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

सोलापूरच्या माणसानं हे का लिहावं, असा प्रश्न मला एका मित्रानं विचारला. पाऊस हुकला की आमच्याकडची माणसं मुंबई गाठतात. वर्सोव्यापासून अलिबागपर्यंत समुद्राकाठी ज्या इमारती उभ्या राहतात, त्यांच्या पायात वाळू-सिमेंट कालवणारे हात आमच्या जिल्ह्याचेही असतात. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिलेला असतो. १९४५ साली भांगाच्या दिवशी कोळीही फसला. तिथीचं गणितही माहीत नसलेला हा माणूस काय करील? आणि किल्लारीनं आम्हाला एवढं शिकवलंच आहे, की 'आपल्याकडे असं होत नाही' हे वाक्य फक्त ते होईपर्यंत खरं असतं.

आमच्या देवघरात हिंगुलांबिकेचा टाक आहे. गेल्या नवरात्रात नातीनं मला तोच जुना प्रश्न विचारला, आपण या देवीच्या गावाला का जात नाही? मी नकाशा काढला. कराचीच्या पुढं हिंगलाज दाखवलं, त्याच्या पलीकडे पस्नी, आणि तिथून समुद्रावरून बोट फिरवत खाली मुंबईपर्यंत आणलं. या वाटेनं पाणी आलं होतं, म्हटलं. किती वेळात? असं तिनं विचारलं. पावणेपाच तासांत, मी म्हणालो. ती म्हणाली, "मग तेवढ्या वेळात कुणी सांगितलं का नाही, आजोबा?"